ओकिनावाचं पीस मेमोरियल पार्क: मित्र, शत्रू आणि सामान्य माणसं, सगळ्यांची नावं एकाच स्मारकावर का?

युद्धस्मारकावर साधारणपणे कोणाची नावं असतात? आपल्या सैनिकांची. जे लढले, ज्यांनी देशासाठी जीव दिला, त्यांची. शत्रूचं नाव तिथे नसतं. लढाईत अडकून मेलेल्या सामान्य माणसाचंही सहसा नसतं.

जपानच्या ओकिनावा बेटावर एक स्मारक आहे, तिथे हा नियम पाळलेला नाही. समुद्राला लागून असलेल्या उंच कड्याजवळ काळ्या ग्रॅनाइटच्या शंभराहून जास्त भिंती उभ्या आहेत. त्यांवर २ लाख ४२ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. त्यात जपानी सैनिक आहेत, त्यांच्याशी लढलेले अमेरिकी सैनिक आहेत, मजुरीसाठी आणलेले कोरियन आहेत. आणि सगळ्यात जास्त आहेत ती ओकिनावाची स्थानिक माणसं: शेतकरी, शाळकरी मुली, म्हाताऱ्या आज्या, तान्ही बाळं.

या जागेचं नाव ओकिनावा पीस मेमोरियल पार्क. जपानी भाषेत 'हेइवा किनेन कोएन', म्हणजे शांतता स्मारक उद्यान. दरवर्षी लाखो पर्यटक ओकिनावाला निळा समुद्र बघायला जातात, त्यातले बरेच जण इथेही येतात. पण हे ठिकाण समजून घ्यायचं तर आधी १९४५ सालचे तीन महिने समजून घ्यावे लागतात.

ओकिनावा नेमकं आहे कुठे?

जपानचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. टोकियोपासून नैऋत्येला साधारण १५०० किलोमीटरवर, तैवानच्या दिशेने, बेटांची एक माळ पसरलेली आहे. त्यातलं सगळ्यात मोठं बेट म्हणजे ओकिनावा. इथे उसाची शेतं आहेत, प्रवाळाचे खडक आहेत, दमट उन्हाळा आहे आणि दरवर्षी येणारी वादळं आहेत. टोकियोतली थंडी इथे नाही. हवामानाच्या भाषेत हे बेट उपोष्ण पट्ट्यात येतं, पण आपल्या कोकणातल्या माणसाला इथली हवा अनोळखी वाटणार नाही.

ओकिनावा कायम जपानचा भाग नव्हतं. इथे रयुक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. त्याची स्वतःची भाषा होती, चीनशी आणि आग्नेय आशियाशी व्यापार होता. १८७९ मध्ये जपानने ते राज्य बरखास्त केलं आणि ओकिनावा हा जपानचा एक प्रांत झाला. हे लक्षात ठेवा. पुढे युद्धात या लोकांना जपानी सैन्याने कसं वागवलं, त्याचा या इतिहासाशी संबंध आहे.

१९४५ मध्ये इथे काय झालं?

दुसरं महायुद्ध शेवटच्या टप्प्यात होतं. जपानच्या मुख्य भूमीवर हल्ला करण्याआधी अमेरिकेला जवळ एक मोठा तळ हवा होता. त्यासाठी त्यांनी ओकिनावा निवडलं.

२६ मार्च १९४५ रोजी अमेरिकी सैन्य ओकिनावाच्या पश्चिमेकडच्या केरामा या छोट्या बेटांवर उतरलं. १ एप्रिलला ते ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरलं. समोर होती जपानची ३२वी आर्मी. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल मित्सुरु उशिजिमा. त्यांचं मुख्यालय शुरी किल्ल्याच्या खाली खोदलेल्या भुयारांमध्ये होतं.

ही लढाई जिंकता येईल, असं जपानी सेनापतींनाही वाटत नव्हतं. त्यांचा हेतू वेगळा होता: अमेरिकेला इथे जितके दिवस अडकवून ठेवता येईल तितके दिवस ठेवायचं, म्हणजे मुख्य भूमीला तयारीसाठी वेळ मिळेल. बेटावर लाखो सामान्य लोक राहत असताना ही लढाई लांबवली गेली. तोफगोळ्यांचा मारा इतका भयंकर होता की जपानमध्ये या लढाईला 'पोलादी वादळ' म्हणतात.

ओकिनावा प्रांताच्या अंदाजानुसार या लढाईत २ लाखांहून अधिक माणसं मेली. त्यांची विभागणी साधारण अशी आहे:

• ओकिनावाचे सामान्य नागरिक: सुमारे ९४ हजार
• ओकिनावाचेच, पण सैन्यात किंवा सैन्याच्या मदतीला घेतलेले: २८ हजारांहून अधिक
• जपानच्या इतर प्रांतांतून आलेले सैनिक: सुमारे ६६ हजार
• अमेरिकी सैनिक: साडेबारा हजारांहून अधिक

म्हणजे लढायला आलेल्या दोन्ही सैन्यांचे मिळून जितके सैनिक मेले, त्याहून जास्त माणसं घरच्या बेटाची मेली. ओकिनावाच्या लोकसंख्येतल्या दर चार माणसांपैकी एक माणूस या युद्धात गेला, असं तिथे सांगितलं जातं.

मग स्मारक माबुनीलाच का?

पार्क आहे बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, इतोमान शहराच्या हद्दीतल्या माबुनी या ठिकाणी. ही जागा सुंदर दिसते म्हणून निवडलेली नाही. लढाई शेवटी इथे येऊन संपली म्हणून स्मारक इथे आहे.

मे महिन्याच्या अखेरीस शुरीची फळी मोडायला आली. तिथेच शेवट करायचा की माघार घ्यायची, असा प्रश्न उशिजिमा यांच्यासमोर होता. त्यांनी दक्षिणेकडे माघार घ्यायचं ठरवलं. पण दक्षिणेला तोपर्यंत हजारो सामान्य कुटुंबं जीव वाचवायला पळून आली होती. पावसाळा सुरू होता, रस्त्यांवर चिखल होता. आता त्याच चिंचोळ्या भागात सैनिक आणि नागरिक एकत्र कोंडले गेले. पुढे समुद्र, मागे अमेरिकी सैन्य.

ओकिनावात चुनखडीच्या नैसर्गिक गुहा भरपूर आहेत. स्थानिक भाषेत त्यांना 'गामा' म्हणतात. लोक या गामांमध्ये लपले होते. सैनिक आले तेव्हा अनेक ठिकाणी त्यांनी या लोकांना बाहेर हाकललं. रडणाऱ्या बाळामुळे शत्रूला पत्ता लागेल म्हणून बाळाला गप्प करण्याचे, मारण्याचे हुकूम दिले गेले, अशा साक्षी वाचलेल्या लोकांनी दिल्या आहेत. ओकिनावाच्या भाषेत बोलणाऱ्याला हेर समजून शिक्षा केली जाईल, असा आदेशही सैन्याने काढला होता. म्हणजे स्वतःच्या मातृभाषेत बोलणं हासुद्धा गुन्हा ठरला.

नागरिकांच्या मृत्यूंचा मोठा वाटा या शेवटच्या काही आठवड्यांतला आहे. माबुनीच्या टेकडीतल्या गुहेत उशिजिमा यांनी आत्महत्या केली. २३ जून हा त्या मृत्यूचा आणि संघटित लढाई संपल्याचा दिवस मानला जातो. पण जाण्याआधी त्यांनी शरण जाण्याचा आदेश दिला नव्हता. शेवटपर्यंत लढा, असं सांगून ते गेले. त्यामुळे २३ जूननंतरही माणसं मरत राहिली. ओकिनावातल्या जपानी सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्या ७ सप्टेंबर १९४५ रोजी.

दोन गुहा, दोन शेवट

लोक शरण का गेले नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तरासाठी बेटाच्या मध्य भागात, योमितानला जावं लागेल. अमेरिकी सैन्य पहिल्यांदा मुख्य बेटावर उतरलं तो हा भाग.

इथल्या चिबिचिरी गामा या गुहेत साधारण १४० गावकरी लपले होते. अमेरिकी सैनिक पकडले तर हालहाल करून मारतात, बायकांवर अत्याचार करतात, त्यापेक्षा मरण बरं, असं त्यांच्या मनावर वर्षानुवर्षं ठसवलेलं होतं. २ एप्रिलला गुहेत ८० हून अधिक लोकांनी एकमेकांचा आणि स्वतःचा जीव घेतला. त्यात लहान मुलं मोठ्या संख्येने होती.

तिथून सुमारे एक किलोमीटरवर शिमुकू गामा ही दुसरी गुहा आहे. तिथे जवळपास एक हजार लोक होते. त्यांच्यात हवाईला राहून परतलेले दोन पुरुष होते. त्यांना इंग्रजी येत होतं आणि अमेरिकी माणसं त्यांनी पाहिलेली होती. 'हे लोक निःशस्त्र माणसाला मारणार नाहीत' असं त्यांनी सगळ्यांना पटवलं, ते बाहेर जाऊन बोलले, आणि ती गुहा वाचली.

गाव तेच, सैन्य तेच. फरक फक्त माहितीचा होता. रोज खरं-खोटं फॉरवर्ड करणाऱ्या आपल्या पिढीने ही गोष्ट दोनदा वाचावी अशी आहे.

'हेइवा नो इशिजी' म्हणजे काय?

पार्कचा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे नावांच्या भिंती. त्यांना 'हेइवा नो इशिजी' म्हणतात. हेइवा म्हणजे शांतता. इशिजी हा पायाच्या दगडासाठीच्या जपानी शब्दाचा ओकिनावी उच्चार. म्हणजे 'शांततेच्या पायाचे दगड'.

२३ जून १९९५ रोजी, लढाईला ५० वर्षं झाली तेव्हा, या स्मारकाचं अनावरण झालं. त्यामागे होते ओकिनावाचे तेव्हाचे गव्हर्नर मासाहिदे ओता. ते स्वतः या लढाईतून वाचलेले होते. १९४५ मध्ये ते शिक्षक प्रशिक्षण शाळेत शिकत होते. शाळकरी आणि कॉलेजवयीन मुलांची जी पथकं सैन्याने उभी केली, त्यातल्या एकात त्यांना घेतलं गेलं. त्यांचे अनेक वर्गमित्र मेले. पुढे ओता इतिहासाचे अभ्यासक आणि प्राध्यापक झाले, आयुष्यभर या लढाईवर लिहीत राहिले, आणि १९९० मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं.

भिंती सरळ रांगेत नाहीत. घडीच्या पडद्यासारख्या त्या नागमोडी उभ्या आहेत आणि वरून पाहिलं तर समुद्राच्या लाटांसारख्या पसरत गेलेल्या दिसतात. या लाटांचा मध्य म्हणजे समुद्राकडच्या चौकातली 'शांततेची ज्योत'. ही ज्योत तीन ठिकाणची आग एकत्र करून पेटवलेली आहे: अमेरिकी सैन्य सुरुवातीला जिथे उतरलं ते केरामातलं आका बेट, हिरोशिमा आणि नागासाकी. मधली मुख्य वाट अशी आखलेली आहे की २३ जूनच्या सकाळी सूर्य तिच्या रोखाने उगवतो.

प्रत्येकाचं नाव शक्यतो त्याच्या स्वतःच्या लिपीत कोरलेलं आहे. जपानी नावं जपानीत, कोरियन नावं कोरियन लिपीत, अमेरिकी आणि ब्रिटिश नावं रोमन लिपीत. हुद्दा नाही, पदक नाही. जनरल असो वा शिपाई, अक्षरं एकाच मापाची.

आकडे जुळत का नाहीत?

लढाईत २ लाख माणसं मेली आणि भिंतीवर २ लाख ४२ हजार नावं, हे कसं?

याचं कारण निकषात आहे. बाहेरून आलेल्यांपैकी जे ओकिनावाच्या लढाईत मेले, त्यांची नावं इथे आहेत. पण ओकिनावाच्या माणसांसाठी काळ मोठा धरला आहे: १९३१ मध्ये जपानने मांचुरियावर हल्ला केला तिथपासून. या पंधरा वर्षांच्या युद्धात ओकिनावाचा माणूस कुठेही मेला असेल, चीनमध्ये, पॅसिफिकमधल्या बेटांवर किंवा हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये, तरी त्याचं नाव इथे येतं. ऑगस्ट १९४४ मध्ये मुलांना सुरक्षित जागी घेऊन निघालेलं 'त्सुशिमा मारू' हे जहाज अमेरिकी पाणबुडीने बुडवलं. त्यात गेलेली शेकडो शाळकरी मुलंही याच यादीत आहेत.

अमेरिकी नावं १४ हजारांच्या वर आहेत. ब्रिटन, तैवान, दक्षिण कोरिया आणि उत्तर कोरिया यांचीही नावं आहेत.

'अमक्याचं मूल': ज्यांचं नावच माहीत नाही त्यांचं काय?

ही यादी तयार करणं सोपं नव्हतं. लढाईत सरकारी दप्तरं जळाली होती. घरातली सगळी माणसं एकदम गेली, तर नाव सांगायला कोण उरणार? म्हणून १९९५ च्या आधी प्रांतभर, गावोगाव चौकशी करून नावं गोळा केली गेली. ओकिनावाची नावं भिंतीवर आजही गावानुसार आणि वाडीनुसार लावलेली आहेत. त्यामुळे एका ओळीत एकाच आडनावाची सात-आठ माणसं सलग दिसतात. तेव्हा कळतं की हे एक अख्खं घर होतं.

काही ठिकाणी नावाच्या जागी फक्त 'अमक्याचं मूल' किंवा 'अमक्याचा थोरला मुलगा' एवढंच कोरलेलं आहे. ते बाळ होतं हे शेजाऱ्यांना आठवत होतं, नाव कोणालाच आठवत नव्हतं. काही बाळांचं नाव ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता. नाव नाही म्हणून त्यांना वगळलं नाही. पार्कमध्ये एकच गोष्ट बघायची असेल तर या ओळी शोधा.

मग यावर वाद नाही का?

आहे. आणि तो समजून घेतल्याशिवाय हे स्मारक पूर्ण समजत नाही.

पहिला प्रश्न: ज्या उशिजिमांच्या माघारीच्या निर्णयामुळे हजारो नागरिक मेले, त्यांचंही नाव इथेच आहे. त्यांच्याविरुद्ध लढलेले अमेरिकी सेनापती सायमन बकनर १८ जून १९४५ रोजी तोफेच्या माऱ्यात मारले गेले, त्यांचंही नाव आहे. टीकाकार विचारतात, हुकूम देणारा आणि त्या हुकमामुळे मेलेलं बाळ यांना एकाच रांगेत ठेवलं तर जबाबदारी कोणाची हे पुसलं जात नाही का?

स्मारकामागची भूमिका अशी की देश, सैनिक की नागरिक, असा कोणताही भेद न करता मेलेल्या प्रत्येकाची नोंद करायची. म्हणजे ही भिंत गौरव करत नाही आणि निकालही देत नाही, ती फक्त मोजते. दोष कोणाचा, हे सांगायचं काम शेजारच्या संग्रहालयाचं.

दुसरा प्रश्न कोरियन लोकांचा. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. हजारो कोरियन पुरुषांना मजुरीसाठी आणि स्त्रियांना सैन्याच्या लैंगिक गुलामीसाठी ओकिनावात आणलं गेलं होतं. भिंतीवर मात्र कोरियन नावं पाचशेच्याही आत आहेत. अनेकांच्या नोंदीच नव्हत्या. काही कुटुंबांनी नाव कोरायला नकार दिला. ज्यांनी आमच्या माणसाला जबरदस्तीने नेलं, त्यांच्याच शेजारी त्याचं नाव नको, ही त्यामागची भावना. कोरियन भिंतीवरची मोकळी जागा त्यामुळे कोरलेल्या नावांइतकीच बोलकी आहे. कोरियन मृतांसाठी १९७५ मध्ये उभारलेलं वेगळं स्मारकही याच पार्कमध्ये आहे.

संग्रहालयातल्या बंदुकीचं प्रकरण

पार्कमध्ये ओकिनावा प्रांताचं पीस मेमोरियल म्युझियम आहे. ते १९७५ मध्ये सुरू झालं. तेव्हा त्यात सैन्याच्या वस्तूंवरच भर होता. हे लष्कराचं संग्रहालय आहे की लोकांचं, अशी टीका झाली आणि १९७८ मध्ये मांडणी बदलून सामान्य माणसाचा अनुभव केंद्रस्थानी आणला गेला. आताची मोठी इमारत २००० साली सुरू झाली.

या नव्या इमारतीची तयारी चालू असताना, १९९९ मध्ये, मोठा वाद पेटला. गुहेच्या एका देखाव्यात जपानी सैनिक लपलेल्या नागरिकांवर बंदूक रोखून उभा असल्याचं ठरलं होतं. तोपर्यंत प्रांतात सत्ता बदलली होती. नव्या प्रशासनाने गुपचूप पुतळ्याच्या हातातली बंदूक काढून टाकली, अशी बातमी फुटली. वाचलेले लोक, अभ्यासक, स्थानिक वर्तमानपत्रं सगळे तुटून पडले. शेवटी बंदूक परत पुतळ्याच्या हातात आली.

एका पुतळ्याच्या बंदुकीवरून एवढा गदारोळ का? कारण ओकिनावाच्या लोकांसाठी मुद्दा हाच होता: आम्हाला फक्त शत्रूने मारलं नाही.

संग्रहालयात वाचलेल्या लोकांच्या साक्षींची एक वेगळी खोली आहे. मोठ्या अक्षरांत छापलेल्या साक्षी टेबलांवर मांडलेल्या असतात. बसायचं, पान उलटायचं, वाचायचं. घाईत असाल तर बाकी दालनं भरभर बघा, पण इथे वेळ काढा.

पार्कमध्ये आणखी काय आहे?

पीस हॉल: प्रार्थनेसाठी जोडलेल्या हातांसारखा दिसणारा पांढरा उंच मनोरा. आत १२ मीटर उंचीची बसलेली मूर्ती आहे. ओकिनावाचे कलाकार शिन्झान यामादा यांनी म्हातारपणात ती घडवायला घेतली. त्यांची दोन मुलं युद्धात गेली होती. मूर्तीसाठी ओकिनावाची पारंपरिक लाखकामाची पद्धत वापरली आहे. १९७८ मध्ये हॉल सुरू झाला, तो पाहायला यामादा राहिले नव्हते.

राष्ट्रीय स्मशानभूमी: १९७९ मध्ये उभारलेल्या या जागेत १ लाख ८० हजारांहून अधिक माणसांच्या अस्थी आहेत. बहुतेकांची ओळख पटलेली नाही.

माबुनीची टेकडी: पायऱ्या चढून गेलात की दोन्ही बाजूंना जपानच्या वेगवेगळ्या प्रांतांनी आपापल्या सैनिकांसाठी बांधलेली स्मारकं दिसतात. अशी ३० हून अधिक आहेत. टेकडीवर उशिजिमा यांचं स्मारकही आहे. इथल्या काही शिलालेखांची भाषा पराक्रमाची आणि बलिदानाची आहे. खालच्या भिंती आणि वरची ही स्मारकं एकाच आवारात आहेत, पण युद्धाकडे बघायची त्यांची नजर वेगळी आहे. दोन्ही बघा आणि फरक तुम्हीच ठरवा.

२३ जूनला इथे काय होतं?

२३ जून हा 'इरेई नो ही', म्हणजे मृतांना शांती लाभावी म्हणून पाळायचा दिवस. ओकिनावात या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, बाकीच्या जपानमध्ये नसते.

पहाटेपासून कुटुंबं येऊ लागतात. भिंतीवर आपल्या माणसाचं नाव शोधतात, त्यावरून बोट फिरवतात, पाणी ओततात. फुलं, फळं, खाऊ ठेवतात. तहानेने गेलेल्या माणसाला पाणी द्यायचं, इतकी साधी गोष्ट. दुपारी बारा वाजता सगळे एक मिनिट स्तब्ध उभे राहतात. जपानचे पंतप्रधान येतात, गव्हर्नर शांततेचा जाहीरनामा वाचतात आणि एक शाळकरी मूल स्वतः लिहिलेली शांततेची कविता वाचतं.

२०२२ पासून आणखी एक उपक्रम सुरू झाला आहे. २३ जूनच्या आधीचे दिवस स्वयंसेवक भिंतीवरची सगळी नावं आळीपाळीने मोठ्याने वाचतात. बरेच जण ऑनलाइन सहभागी होतात. २ लाख ४२ हजार हा आकडा आपण एका सेकंदात वाचतो. तीच नावं एकेक करून वाचायला अनेक दिवस लागतात.

भेट द्यायची असेल तर

कसं जायचं: भारतातून ओकिनावाला थेट विमान नाही. टोकियो, ओसाका किंवा आशियातल्या दुसऱ्या मोठ्या शहरातून नाहा विमानतळ गाठावा लागतो. जपानचा व्हिसा लागतो. नाहाच्या बस टर्मिनलवरून ८९ नंबरची बस इतोमानला जाते, तिथून ८२ नंबरची बस पकडून 'हेइवा किनेनदो इरिगुची' या थांब्यावर उतरायचं. दुसऱ्या बसच्या फेऱ्या कमी आहेत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. भाड्याची गाडी घेतली तर काम सोपं होतं.

तिकीट: पार्क आणि नावांच्या भिंती बघायला पैसे लागत नाहीत. संग्रहालयाचं मोठ्यांसाठीचं तिकीट ३०० येन आहे. पीस हॉलचं तिकीट वेगळं. संग्रहालय सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं, वर्षअखेरीस काही दिवस बंद असतं. जाण्याआधी वेळा तपासून घ्या.

किती वेळ लागतो: भिंती, संग्रहालय आणि टेकडी नीट बघायची तर अर्धा दिवस हातात ठेवा.

कधी जावं: मे आणि जून पावसाचे. जुलै ते सप्टेंबर कडक ऊन आणि वादळांचे. भिंतींजवळ सावली कमी आहे, त्यामुळे टोपी आणि पाणी सोबत असू द्या. २३ जूनला जाणार असाल तर गर्दी आणि कडक सुरक्षा गृहीत धरा.

जोडून काय बघाल: जवळच हिमेयुरी पीस म्युझियम आहे. मुलींच्या दोन शाळांमधल्या २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षकांना सैन्याच्या रुग्णालयात कामाला नेलं होतं. त्या २४० जणांपैकी १३६ जण मेले. ऐन लढाईत, १८ जूनला, 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणून त्यांचं पथक मोडण्यात आलं, आणि बहुतेक मृत्यू त्यानंतरच्या काही दिवसांतले आहेत. १९८९ मध्ये हे संग्रहालय वाचलेल्या मुलींनीच पुढाकार घेऊन उभारलं.

फोटो काढावेत का: काढू शकता. पण नावासमोर कोणी हात जोडून उभं असेल तर फोन खाली ठेवा. ते त्यांच्या घरच्या माणसाला भेटायला आलेले असतात.

ही गोष्ट संपली आहे का?

नाही. युद्धानंतर ओकिनावा २७ वर्षं अमेरिकेच्या ताब्यात होतं. १५ मे १९७२ रोजी ते जपानला परत मिळालं, पण अमेरिकी लष्करी तळ राहिले. जपानच्या एकूण भूभागाच्या फक्त ०.६ टक्के जमीन ओकिनावाची आहे, आणि अमेरिकी सैन्याच्या खास वापरासाठी जपानने दिलेल्या तळांची जवळपास ७० टक्के जागा तिथे आहे. उत्तरेला हेनोको इथे समुद्रात भराव टाकून नवा तळ बांधायचं काम चालू आहे. त्या भरावासाठी दक्षिण ओकिनावातली माती वापरायचा विचार पुढे आला, तेव्हा लोक संतापले. कारण लढाई संपली ती याच दक्षिण भागात. तिथल्या मातीत आजही हाडं सापडतात आणि स्वयंसेवक ती वेचून ओळख पटवण्यासाठी धडपडत असतात. आमच्या माणसांची हाडं मिसळलेली माती लष्करी तळाखाली घालणार का, असा त्यांचा सवाल आहे.

यादीही संपलेली नाही. १९९५ मध्ये अनावरण झालं तेव्हा भिंतींवर सुमारे २ लाख ३४ हजार नावं होती. त्यानंतर दर जूनमध्ये नवी नावं कोरली जातात. कुणाच्या घरात जुना कागद सापडतो, कुणी म्हातारा माणूस जाण्याआधी भावंडाचं नाव सांगून जातो. २०२५ मध्ये, लढाईला ८० वर्षं झाली त्या साली, ३४२ नावं नव्याने आली. पुढच्या वर्षांच्या नावांसाठी भिंतींवर जागा मोकळी ठेवलेली आहे.